जुन्या भिंतींना चुनाच द्या

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत मेक्सिकोतल्या तुलुमची रंगीत छायाचित्रं आली होती. निळंहिरवं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि मागे कड्यावर एक राखाडी देऊळ. फोटो सुरेख होते. त्या देवळाबद्दल मात्र 'मायांचे प्राचीन अवशेष' एवढेच शब्द होते (माया म्हणजे त्या भागातले मूळ रहिवासी). मी ते ठिकाण नुकतंच पाहून आलो आहे. त्या समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि वादळांत ते देऊळ इतकी शतकं कशाच्या जोरावर उभं आहे, ते मला सांगायचं आहे, कारण माझं सगळं आयुष्य चुन्यात गेलं. आणि तिथं जे पाहिलं त्यावरून आपल्या नाशिकबद्दल जे सुचलं, ते सिंहस्थाची कामं पुरी होण्याआधीच सांगायला हवं. पत्र लांबलं आहे, तरी कृपया जागा द्यावी.

आमच्या आजोबांची पंचवटीत चुन्याची घाणी होती. जमिनीत गोल दगडी चर, मधोमध खुंटा, चरातून फिरणारं दगडी चाक आणि ते ओढणारा रेडा. ओढ्यानाल्यांच्या काठी मातीत चुनखडीचे खडे सापडतात, त्याला कंकर म्हणतात. ते भट्टीत भाजायचे, पाण्यात भिजवायचे आणि वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून घाणीत मळायचे. वडील गवंडी होते. मी पुढे ठेकेदारी केली. जुन्या नाशकातल्या वाड्यांची आणि देवळांची डागडुजी हे माझं मुख्य काम. नव्या इमारतीही बांधल्या, त्या सिमेंटच्याच बांधल्या. सिमेंटशी माझं वैर नाही हे आधीच सांगून ठेवतो.

मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात राहतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी सुट्टी काढली आणि आम्हाला कान्कूनला विमानानं नेलं. तिथून दक्षिणेला समुद्राच्या कडेकडेनं सुमारे १३० किलोमीटरवर तुलुम. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना खुजं, दाट जंगल. एकही डोंगर नाही, आणि नदी नाही. गोदेकाठी वाढलेल्या माणसाला ते चमत्कारिकच वाटतं. जावयानं समजावून सांगितलं की हा अख्खा युकातान प्रदेश म्हणजे चुनखडीचं पठार आहे. पाऊस पडला की पाणी दगडातून झिरपून खाली जातं आणि जमिनीखालून वाहतं. जिथं वरचं छत कोसळतं तिथं विहिरीसारखा डोह उघडा पडतो, त्याला सेनोते म्हणतात. मायांची गावं या सेनोतेंच्या आधारानं वसली. पाणी तिथलं, दगड तिथला, आणि चुनाही त्याच दगडाचा.

तुलुम हे तटबंदीचं नगर आहे. तीन बाजूंना दगडी तट आणि चौथ्या बाजूला सुमारे १२ मीटर उंचीचा कडा, खाली कॅरिबियन समुद्र. तट तीन ते पाच मीटर उंच आहे आणि आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार जाड. त्याला पाच दरवाजे, तेही इतके अरुंद की एका वेळी एकच माणूस आत शिरेल. आम्ही अशाच एका दरवाजातून आत गेलो. डोक्यावर कमान नव्हती. दोन्ही बाजूंचे दगड थराथरानं थोडे थोडे पुढे काढत आणून वर एका दगडानं झाकले होते. मायांनी खरी कमान कधी बांधली नाही, सगळीकडे ही अशीच थरांची बांधणी. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या मंडपात मान वर करून पाहिलं तर छतही असंच थरांनी पुढे येत मिटलेलं दिसतं. फरक एवढाच की आपल्या हेमाडपंती बांधणीत घडीव दगडावर घडीव दगड बसतो, मध्ये चुना लागत नाही. तुलुमचा दगड ओबडधोबड आहे. तिथला गवंडी दगडाच्या घडाईवर अवलंबून राहिला नाही, त्यानं सगळी भिस्त चुन्यावर ठेवली. भिंत चुन्यात बसवायची, वरून चुन्याचा जाड गिलावा द्यायचा, नक्षी त्या गिलाव्यातच काढायची आणि रंगवायची. आज जे राखाडी दिसतं ते सगळं एके काळी पांढरं, तांबडं, निळं होतं.

हे नगर भरभराटीला आलं ते साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकात, म्हणजे आपल्याकडे देवगिरीचे यादव गेले आणि बहमनी आले तो काळ. एका शिलालेखावरची तारीख मात्र इ. स. ५६४ ची आहे. १५१८ साली ग्रिहाल्वा नावाच्या स्पॅनिश सरदाराची गलबतं या किनाऱ्यानं गेली, तेव्हा त्यांच्यातल्या लोकांना समुद्रातून एक मोठं शहर दिसलं, ते हेच असावं असं मानतात. पुढे शंभरेक वर्षांत वस्ती उठली. १८४२ मध्ये स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी आणि कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार तिथं पोचले तेव्हा इमारतींवर जंगल चढलेलं होतं. इतकी शतकं त्याची डागडुजी करायला कुणी नव्हतं. पाऊस, झाडांची मुळं, खारा वारा आणि दर काही वर्षांनी येणारी चक्रीवादळं. गिलावा तरीही जागोजाग धरून आहे.

पर्यटक सगळे कड्यावरच्या मोठ्या देवळाकडे धावतात, ज्याला कास्तिय्यो म्हणतात. समोर पाण्याखाली प्रवाळाची रांग आहे आणि तिच्यात बरोबर त्या जागी खिंड आहे. मीठ, मध, कोको आणि ग्वातेमालाच्या डोंगरातला काचेसारखा काळा दगड घेऊन मायांच्या होड्या तिथून किनाऱ्याला लागायच्या. आता देवळाच्या पायऱ्यांवर चढू देत नाहीत, दोर लावला आहे, ते योग्यच आहे. मी मात्र त्याच्या शेजारच्या लहानशा देवळापाशी अडकलो. दाराच्या वर कोनाड्यात एक देव आहे, डोकं खाली, पाय वर, आकाशातून सूर मारत खाली येणारा. तिकडे सगळे त्याला उतरणारा देव म्हणतात. कोण तो, यावर विद्वानांची मतं वेगवेगळी आहेत. कुणी त्याला मधमाशीशी जोडतो, कुणी शुक्राच्या चांदणीशी.

माझं लक्ष भिंतींकडे गेलं. ओळंबा लावायची गरजच नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतं की भिंती सरळ नाहीत. खालून वर जाताना त्या बाहेरच्या बाजूला कलत जातात आणि दाराच्या बाजूही तशाच तिरक्या. आधी वाटलं खचलं असेल. पण खचलेल्या भिंतीला तडा जातो आणि तो तडा नेहमी एका ठरावीक दिशेनं जातो, तसा तो कुठंच नव्हता. जाणकारही हेच सांगतात की त्या मुद्दाम तशा बांधल्या आहेत. मी दोराच्या अलीकडून बराच वेळ पाहत राहिलो. वर सूर मारणारा देव आणि खाली बाहेर झुकलेल्या भिंती. ज्या गवंड्यानं ही भिंत उचलली त्याला आपल्या चुन्याची पकड किती आहे हे पक्कं ठाऊक होतं, त्याशिवाय असं धाडस कुणी करत नाही.

शेजारी भित्तिचित्रांचं देऊळ आहे. आतली चित्रं बाहेरूनच पाहायची. बाहेरच्या कोपऱ्यांवर मात्र मोठाले चेहरे आहेत, दोन भिंती मिळतात त्या काटकोनातच नाक आणि दोन बाजूंना डोळे, आणि हे सगळं गिलाव्यात. उन्हाची तिरीप पडली तेव्हा एका गालाच्या खालच्या कडेला गिलाव्याचे थर दिसले. तळाशी भरड थर, खड्यांचा, त्यावर जरा बारीक, आणि सर्वांत वर कागदासारखा पातळ, घोटलेला थर, त्याला अजून किंचित तुकतुकी आहे. वडील आम्हाला हेच शिकवायचे: आधी भरड, मग बारीक, मग घोटाई, आणि एक थर पुरता आवळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर ते कुणी कुणाला शिकवलं असेल? मला भरून आलं हे लिहायला संकोच वाटत नाही.

आम्ही तुलुम गावात एका लहान अतिथिगृहात उतरलो होतो. संध्याकाळी परतलो तर मागच्या अंगणात एक म्हातारा गवंडी न्हाणीघराच्या भिंतीला गिलावा करत होता. शेजारी बादलीत तांबूस-तपकिरी पाणी. मी उभाच राहिलो. जावई स्पॅनिश चांगलं बोलतो, त्याला म्हटलं, विचार जरा हे पाणी कसलं. त्या गवंड्यानं सांगितलं, चुकुमच्या सालीचं. चुकुम हे तिथलं एक जंगली झाड. साल उकळायची, पाणी गाळायचं आणि ते चुन्याच्या गिलाव्यात घालायचं. वाळूऐवजी ते लोक सास्काब वापरतात, म्हणजे चुनखडीखाली सापडणारी मऊ पांढरी भुकटी. गिलावा पाण्याला दाद देत नाही आणि रंगही येतो. त्यानं हेही सांगितलं की आता बरेच जण त्यात पांढरं सिमेंट मिसळतात, काम लवकर उरकतं म्हणून. तो स्वतः मातृभाषेनं माया होता. हे लिहायला हवं, कारण आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की माया लोक संपले. ते लाखोंनी आहेत, त्यांची भाषा आजही घराघरात बोलतात.

मी करणी मागितली. त्यानं क्षणभर पाहिलं आणि दिली. चुना करणीवर घेतला, तिरपी केली, तो न चिकटता सरळ घसरला. मग थोडा तळहातावर घेऊन अंगठ्यानं दाबला, कडा फाटल्या नाहीत, पेढा वळावा तसा वळला. एवढं पाहिलं की चुना किती दिवस भिजला आहे हे आमच्या लोकांना कळतं. मी जावयाला म्हटलं, याला सांग, आमच्याकडे सालीच्या जागी हिरडा, बेलफळाचा गर आणि गूळ घालतात, आणि गिलाव्याला तडा जाऊ नये म्हणून ताग कातरून घालतात. जावई सांगत होता आणि तो म्हातारा मान हलवत होता. गूळ म्हणजे काय हे समजावताना जावयाची दमछाक झाली. उसाचा आहे म्हटल्यावर त्याला कळलं. त्यानं मला दोन्ही हात दाखवले. बोटांच्या पेरांना चुन्यानं पडलेल्या भेगा होत्या, माझ्या वडिलांच्या हातांना होत्या तशाच.

परत आल्यावर मुलीनं मला शोधून दिलं की हे नुसतं परंपरेनं चालत आलेलं नाही, त्याची परीक्षाही झाली आहे. २०२३ मध्ये स्पेनच्या ग्रानादा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी होंडुरासमधल्या कोपान या माया नगरातल्या गिलाव्याचे तुकडे तपासले. तिथल्याच गवंड्यांना विचारून त्यांनी चुकुम आणि आणखी एका झाडाच्या सालीचं पाणी घालून चुना तयार केला आणि दोन्ही ताडून पाहिले. सालीतला रस चुन्याच्या स्फटिकांत मिसळून जातो आणि शिंपल्याच्या कवचात जशी रचना असते तशी रचना तयार होते, त्यामुळे गिलावा चिवट होतो, ऊनपाऊस सोसतो, असं त्यांना आढळलं. आमच्या आजोबांना स्फटिक माहीत नव्हते. हिरड्याचं पाणी किती घालायचं ते माहीत होतं.

चुना म्हणजे काय हे शाळेत शिकवतात, पण कुणाच्या मनात राहत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. चुनखडी सुमारे ८००-९०० अंशांवर भाजली की तिच्यातला वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध दगडाचा छप्पन किलो कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो रटरटतो, वाफा येतात. मग भिंतीवर चढल्यावर तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. या 'हळूहळू'मध्ये सगळं आहे. चुना वर्षानुवर्षं आवळत जातो. बारीक तडा गेला तर ओल्या हवेत थोडाफार स्वतःच बुजतो. आणि त्याच्यातून ओल आतबाहेर जाऊ शकते, भिंत वाळू शकते. मायांना भट्टीसाठी जंगलच्या जंगल तोडावं लागलं, त्याची किंमत त्या भूमीनं दिली असंही काही अभ्यासक म्हणतात, ते विसरू नये.

तोच चुना त्यांच्या ताटातही आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, साल सुटते, मग दळून तोर्तिया थापतात. सौ.नं पहिल्या घासाला ओळखलं, "अहो, याला चुन्याचा वास आहे!" या भिजवणीमुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत सोबत गेली नाही, आणि जिथं गरीब माणसं नुसत्या मक्यावर जगली तिथं पेलाग्रा नावाचा रोग पसरला.

आता नाशिककडे येतो.

आपल्या देशात पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ साली सुरू झाला. म्हणजे नाशकातलं त्याच्या कितीतरी आधीचं जे काही उभं आहे, त्याच्या मूळ बांधकामात सिमेंट नाही. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, सुंदरनारायण १७५६ चं, काळाराम अठराव्या शतकाच्या अखेरचं. सराफ बाजारातला सरकारवाडा पेशव्यांच्या काळातला. जुन्या गावठाणातले वाडे, खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, सगळं चुन्यात आणि मातीत बांधलेलं. या भिंती श्वास घेतील असं गृहीत धरूनच बांधल्या आहेत. जोत्यातून ओल वर चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीला वाट राहत नाही. ती आत साठते, विटांमधले क्षार घेऊन वर सरकते, आणि सिमेंट जिथं संपतं तिथं लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. तुळईचं टोक भिंतीत असतं, ते आधी कुजतं, बाहेरून काहीच दिसत नाही. दगडी बांधकामात तर याहून वाईट होतं. सांध्यात सिमेंट भरलं की सांधा दगडाइतका, कधी त्याहून कठीण होतो. ऊन-थंडीत जी हालचाल चुना सोसत होता ती आता दगडाच्या कडेला सोसावी लागते. मग दगडाच्या कडा झडतात आणि सांधा तेवढा शाबूत राहतो. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी गोदाकाठी चालत जावं आणि राखाडी सांध्यांच्या बाजूचे दगड बोटानं चाचपून पाहावेत.

मी हे सगळं अंगावर घेतलं आहे. गावठाणातल्या एका देवळाचं काम माझ्याकडे होतं. मी चुना भिजत घातला होता. ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांना उत्सवाच्या आत काम हवं होतं. मला सांगितलं गेलं की चुना वाळायची वाट पाहत बसता येणार नाही, आणि काम दुसऱ्याला दिलं गेलं. मंडप सिमेंटनं गुळगुळीत झाला, वर ऑइलपेंट चढला, उत्सव पार पडला. चार-पाच पावसाळ्यांत आतल्या भिंतींना कमरेइतका लोणा लागला आणि एका खांबाचं नक्षीचं पान गळून पडलं. देवळाचं आणि माणसांचं नाव मी घेत नाही. त्या माणसांची श्रद्धा खरी होती, पैसाही त्यांनी खिशातून घातला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी सांगितलं ते त्यांना उत्सवाच्या तारखेपुढे ऐकू आलं नाही. तो खांब घडवणाऱ्याचं मला अजून वाईट वाटतं.

ऑगस्ट २०१६ चा पूर बहुतेकांना आठवत असेल. दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, नारोशंकराच्या देवळाला पाण्यानं वेढलं. पूर ओसरल्यावर मी काठाकाठानं फिरलो होतो. ज्या भिंतींना जुना चुना होता त्या उन्हं पडू लागली तशा वरून खाली वाळत आल्या. सिमेंट केलेल्या भिंती दिवाळीनंतरही हाताला गार लागत होत्या. पूर पुन्हा येणारच, गोदा आपली आहे.

मेक्सिकोतही हे सगळं घडून गेलं आहे. विसाव्या शतकात तिकडच्या अनेक प्राचीन इमारतींवर भराभर सिमेंट वापरलं गेलं. तेव्हा ते नवं होतं, मजबूत वाटत होतं. पुढे क्षार फुटू लागले, गिलावे सुटू लागले, आणि आता तिथले जाणकार तेच सिमेंट जपून काढतात आणि जागी चुना भरतात. काही भित्तिचित्रं टिकावीत म्हणून त्यांच्यावर रासायनिक लेप दिले होते, त्यांनी चित्रांचंच नुकसान केलं. कालाकमुलच्या चित्रांसाठी शेवटी अतिसूक्ष्म कणांचा चुनाच कामी आला. ज्या देशाकडे एवढे अवशेष आहेत त्यानं पन्नास-साठ वर्षं मोजून जे शिकलं, ते आपण फुकट शिकू शकतो. गोदापात्रातल्या कुंडांवरच्या काँक्रीटचा वाद नाशिककरांनी डोळ्यांसमोर पाहिला आहे. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच नवा नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी घाट, देवळं आणि जुने रस्ते यांवर कामं निघाली आहेत, आणखी निघतील. माझी विनंती एवढी आहे की जिथं बांधकाम सिमेंटच्या आधीचं आहे तिथं निविदेत चुन्याचं काम असं स्पष्ट लिहावं, आणि त्याचे दरही चुन्याचे द्यावेत. चुन्याचा दर सिमेंटपेक्षा जास्त येतो, कारण त्यात वेळ आणि हात जास्त लागतात. तो दर दिला नाही तर ठेकेदार वरून चुना फासून आत सिमेंट भरतो, हे मी याच धंद्यात राहिलो म्हणून सांगतो. तपासायला सोपं आहे. सांध्यातला तुकडा काढायचा, त्यावर लिंबू पिळायचं आणि नखानं खरवडायचं. चुना फेसाळतो आणि नखाला लागतो. सिमेंटही थोडं फेसाळेल, पण नख त्यावर चालणार नाही. साहेबांना पाहणीला येताना एक लिंबू खिशात ठेवता येईल.

दुसरं, वेळेचं. चुना आज मागितला आणि उद्या मिळाला असं होत नाही. हौदात पाण्याखाली निदान काही आठवडे, जमलं तर काही महिने राहिला पाहिजे. शुद्ध चुनखडीचा चुना जितका जुना तितका चांगला, त्याला पाण्याखाली मुदत नसते. म्हणून हौद आत्ताच खणावेत आणि भरून ठेवावेत, निविदा नंतर निघाली तरी चालेल. चुना वाट पाहील. घाईगडबडीत शेवटच्या दोन महिन्यांत काम आलं की सिमेंटशिवाय कुणाच्या हाती काही उरत नाही, आणि मग चुन्याला नावं ठेवायची.

तिसरं, माणसांचं, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच आहे. घाणीवर काम केलेले, घोटाईचा गिलावा येणारे गवंडी नाशकात आता बोटांवर मोजण्याइतके असतील आणि तेही माझ्याच वयाचे. आमची पोरं टाइल्स आणि पुट्टीच्या कामाला गेली, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पोट तिकडे भरतं. पण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गवंडीकामाचा वर्ग असतोच. त्यातल्या काही मुलांना एक हंगाम चुन्यावर बसवलं, प्रत्यक्ष एखाद्या पडीक वाड्याच्या भिंतीवर हात चालू दिला, तर काम टिकेल. साल्हेरचा किल्ला आपल्या जिल्ह्यातला, २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. तिथल्या बांधकामाला हात लावायचा झाला तर हीच मुलं लागतील. अंकाई-टंकाईला, चांदवडला, गावोगावच्या बारवांनाही लागतील. काम कमी नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. पुरवणीत परदेशी अवशेषांचे फोटो जरूर छापा, मलाही ते पाहायला आवडतात. सोबत कधी नाशकातल्या एखाद्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो छापा, सांधे दिसतील असा.

पंचवटीत किंवा गंगापूर रोडला कुणी संस्थेनं, ट्रस्टनं किंवा वाड्याच्या मालकानं हौदापुरती जागा दिली, तर पहिली खेप मी स्वतः उभा राहून भिजवून देईन, मजुरी घेणार नाही. मुलं पाठवली तर त्यांना शिकवीन. हिरडा आणि बेलफळं मी आणीन, वाळू आणि कळीचा चुना तेवढा जागेवर लागेल. माझा पत्ता आणि फोन नंबर पत्रासोबत आपल्या कार्यालयासाठी दिला आहे, विचारणा करणाऱ्यांना तो कळवायला माझी हरकत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त बांधकाम ठेकेदार
पंचवटी, नाशिक